माझी बोलायची जागा त्याला द्या

॥ श्री ॥
फैजपूर, ता. ३ ऑगस्ट २०२५

चि. लीलाधर यास सुगंधाअक्काचे अनेक आशीर्वाद. सौ. प्रमिलालाही आशीर्वाद सांग.

तुझं २६ जुलैचं पत्र पोचलं. तुला फोनवरचं ऐकू येईना आणि आमच्याकडे मोबाइल वाजला की हेमराज डोकं धरून बसतो, म्हणून आपण बहीणभाऊ पुन्हा कागदावर आलो. यात माझा फायदाच झाला, फोनवर तू नुसतं हं हं करायचास. आपल्या घरच्या रीतीप्रमाणे पत्र संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांसमोर वाचलं. सूनबाईने, कामिनीने वाचलं. तुझ्या दाजींनी, आबांनी दोनदा वाचायला लावलं आणि धाकट्या लेकाने, योगराजने शेजारच्या कुंदनभाऊंना हाक मारून तिसऱ्यांदा.

लीलाधर, हेमराज डोक्यावर पडल्यापासून चौदा महिने एवढी मोठी गोष्ट तू मला सांगितली नाहीस? मार लागून मेंदूतल्या ज्या पेशी मेल्या, त्यांच्या जागी नव्या चेतापेशी लावतात, त्या जुन्यांशी जोडल्या जातात आणि तुटलेलं काम पुन्हा चालू होतं, हे ऐकून मी निवडायला घेतलेली भाजी तशीच बाजूला ठेवली. आबा लगेच म्हणाले, म्हणजे नांग्या भरायच्या. बागेत एखादं खोड मेलं की त्या जागी आपण नवं लावतो, तसंच.

हेमराजचा पाय आता बरा चालतो. उजव्या हाताने अजून ताट धरवत नाही. बोलणं मात्र तिथेच अडलं आहे. पाणी, हो, नको, आणि कामिनीला हाक मारायची तर नुसतं का. चौतीस वर्षांचा माणूस. केळीच्या भावावरून व्यापाऱ्याला गप्प बसवणारा. काल भाजीत मीठ कमी आहे एवढं सांगता येईना म्हणून ताटावरून उठला. शब्द आत आहेत रे त्याच्या. ओठांपर्यंत येतात आणि माघारी जातात. मी समोर बसून बघत राहते.

नव्या पेशी कोणाच्या घ्यायच्या ते तू लिहिलं नाहीस. पण ते काय सांगायला हवं? केळीचा कंद घ्यायचा तर आईच्या खोडाचाच घेतात. तेव्हा मी ठरवून टाकलं आहे, माझ्या घ्या. बासष्टची असले तरी डोकं साबूत आहे, एकोणतिसाचा पाढा अजून न अडखळता म्हणते. माझी बोलायची जागा काढून त्याला द्या. आबा म्हणतातच की माझं दोन जन्मांचं बोलून झालं आहे. फक्त डॉक्टरांना एवढं विचार, की काढताना आजूबाजूचं काही जाईल का? आपल्या आईचा चेहरा राहिला तर बरं. ती गेली तेव्हा तू तीन वर्षांचा, ती कशी दिसायची ते तुला सांगायला माझ्याशिवाय कोण आहे? बाकी काय जायचं ते जाऊ दे. रोज सहा बदाम भिजवून खाते आहे. आबांना सांगितलं गुडघ्यांसाठी. तू कोणापाशी बोलू नकोस.

उत्तर लगेच टाक. लोभ मी मागत नाही, थोरली बहीण तो हक्काने घेते.

तुझी,
अक्का


धुळे, ता. ८ ऑगस्ट २०२५

ति. सुगंधाअक्कांस लीलाधरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून प्रमिला आधी हसली आणि मग डोळे पुसत आत गेली. मला हसू आलं नाही. माझीच लाज वाटली.

बदाम खा, अंगी लागतील. पण तुझी बोलायची जागा तुझ्यापाशीच राहू दे, नाहीतर मला ओरडणार कोण? मूत्रपिंड देतात तशी एकाच्या मेंदूतली पेशी काढून दुसऱ्याला देता येत नाही. चूक माझी. तीस वर्षं पोरांना जीवशास्त्र शिकवलं आणि तुला मात्र अर्धा धडा पोस्टात टाकला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

आता उरलेला अर्धा. तुमच्या बागेत हल्ली टिश्यूची रोपं लावता ना, ती कंदावर येत नाहीत, प्रयोगशाळेत बाटलीत वाढतात. हे तसंच आहे. कातडीची नाहीतर रक्तातली पेशी घेऊन तिला गर्भातल्या अवस्थेसारखं मागे नेतात आणि तिच्यापासून चेतापेशी वाढवतात. मेंदूला मार लागलेल्या उंदरांत त्या लावल्या, तर काही जगल्या. जगल्या त्यांतल्या काहींनी जुन्या पेशींशी जोडणी केली. उंदरांत, अक्का. पहिल्या पत्रात तो शब्द होता, पण मी आनंदाच्या भरात एका ओळीत उरकला. कंपवातासारख्या काही आजारांत थोड्या माणसांवर चाचण्या चालू आहेत. हेमराजच्या दुखापतीवर मात्र आज कुठल्याही दवाखान्यात हा उपचार मिळत नाही. माझी जुनी विद्यार्थिनी नूतन पुण्याला याच विषयावर काम करते. तिला विचारूनच लिहितो आहे. किती वर्षं लागतील ते तिलाही सांगता येईना.

आबांचं नांग्यांचं बोलणं लाखातलं. पण रोप जगलं म्हणजे भागलं असं नाही, ठिबकची नळी त्याच्यापर्यंत न्यावी लागते. मेंदूत अशा कोट्यवधी नळ्यांचं जाळं आहे. नवी पेशी भलतीकडे जोडली गेली तर फायदा राहिला बाजूला, झटके येऊ शकतात. शिवाय नांग्या उशिरा भरल्या की नवं रोप मागेच राहतं, ते आबाच सांगतील.

भुसावळच्या बाईंचे बोलण्याचे धडे चुकवू नका. उरलेल्या पेशीही हळूहळू नव्या वाटा काढतात, आज आपल्या हातात एवढंच आहे. इथे आळीतले लोक रोज अहिराणीत विचारतात, पोऱ्या कसा शे आते, मास्तर? मी सांगतो, बरा शे. 

हे पत्रही ओट्यावर वाच, शेवटपर्यंत. राग आला असेल तर तो माझ्यावर काढ, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
लीलाधर


फैजपूर, ता. १६ ऑगस्ट २०२५

चि. लीलाधरला अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचलं. धुळ्याला राहून तूही आता शे शे करायला लागलास, आपल्या बोलीला काय वाईट झालं होतं?

इकडे गोष्टी पुढे गेल्या आहेत. योगराजने एका मोठ्या शहरातलं केंद्र शोधून काढलं. तुझ्या पहिल्या पत्राचा फोटो त्याने तिथल्या डॉक्टरला पाठवला. ते म्हणाले, मास्तरांनी अगदी बरोबर लिहिलं आहे, आम्ही हेच करतो. हेमराजच्याच कमरेच्या हाडातून पेशी काढायच्या आणि मणक्यातून आत सोडायच्या. ९ सप्टेंबरची तारीख मिळाली आहे. आबा तयार आहेत. कुंदनभाऊंनी गाडी सांगून ठेवली. गावात सगळे म्हणतात की लीलाधर मास्तरचा शब्द आहे, मग खोटं कसं असेल.

फक्त कामिनी अडून बसली आहे. ती म्हणते, मामांनी स्पष्ट लिहून दिलं तरच जाऊ. तर तू दोनच ओळी लिही, की करून बघायला हरकत नाही. उंदरांचं काही लिहू नकोस, ती उगाच घाबरेल. मला रोज वाटतं की एक एक दिवस हातातून चालला आहे. जेवताना वाटतं, देवापुढे बसले तरी वाटतं. स्वयंपाकघरातून ओट्यावर आणि ओट्यावरून स्वयंपाकघरात माझ्या दिवसाला शंभर खेपा होतात.

बहिणीवर माया असेल तर ती या वेळी दोन ओळींत दाखव.

अक्का


फैजपूर, ता. २० ऑगस्ट २०२५

ति. मामांस कामिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामा, तुमची तब्येत बरी आहे ना? २६ जुलैनंतर तुमचं पत्र नाही असं आई म्हणतात. तुम्ही पंधरा दिवस कधी रिकामे जाऊ देत नाही, म्हणून राहवेना. मामींना तरी चार ओळी लिहायला सांगा.

९ तारखेचं आईंनी कळवलं असेल. इथे सगळ्यांना वाटतं की मला हे नको आहे. मामा, मला सगळ्यांपेक्षा जास्त हवं आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांनी माझं पूर्ण नाव शेवटचं कधी घेतलं ते मला तारखेनिशी आठवतं. पण जळगावला डोक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कागदावर सही मी केली होती, न वाचता. या वेळीही मलाच करायची आहे आणि या वेळी मला कळून करायची आहे. त्या केंद्रातल्या माणसाला मी विचारलं, की आत सोडलेल्या पेशींनी मेंदूत नेमकं कुठे जायचं ते कसं ठरतं. तो म्हणाला, बाई, पेशींना ते बरोबर कळतं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुम्ही हो लिहिलंत तर मी सही करीन. नाही लिहिलंत तर घरात एकटी पडले तरी करणार नाही. तुमची माया आहे म्हणून एवढं बोलले.

आपली,
कामिनी


धुळे, ता. २४ ऑगस्ट २०२५

ति. अक्कांस नमस्कार.

कामिनीचं पत्र माझ्यासमोर आहे. तू माझं आठ तारखेचं पत्र लपवलंस, अक्का? मी पतंग फाडला तरी वडिलांना आधी जाऊन सांगणारी तू. माझं पहिलं पत्र गावभर फिरलं आणि दुसरं तू कुठल्या डब्यात कोंबलंस?

मला फार राग आला आहे आणि तो लपवायचं वय राहिलं नाही. त्यातला निम्मा राग माझ्यावर आहे, कारण त्या केंद्राने माझंच पत्र पुढे केलं. म्हणून नीट ऐक. कमरेच्या हाडातल्या पेशी रक्त तयार करणाऱ्या. त्या मणक्यात सोडल्या म्हणून त्यांची चेतापेशी होत नाही. हरभरा पेरून कापूस वेचायला जाण्यातला प्रकार आहे. नूतनला लिहून विचारलं, तर एरवी शांत असणारी ती मुलगी चिडली. तिने सांगितलं की खऱ्या चाचणीत रुग्णाकडून एक पैसाही घेत नाहीत आणि धोके आधी लेखी समजावून देतात. योगराजला म्हणावं, त्या लोकांकडे चाचणीचा कागद माग. मणक्यात सुई घालताना जंतू आत गेले तर उरलेलंही जाईल. हेमराजने चौदा महिन्यांत जे थोडं कमावलं आहे ते अशा लोकांच्या हाती देऊ नकोस.

तू दोन ओळी मागितल्या होत्यास. घे. त्याला नेऊ नका. हे मी विचार करून लिहितो आहे.

कामिनीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. सासूसुनेत आग लावणारा मामा मला व्हायचं नाही. तू स्वतः तिला सांग. ३१ तारखेपर्यंत वाट बघतो, नाहीतर १ तारखेच्या पहिल्या एस.टी.ने मीच येतो. पण मला एक कळत नाही. तू अशी नव्हतीस. तुला कसली घाई लागली आहे?

रागावलो तरी भाऊ आहे, एवढं धरून राहा.

लीलाधर


फैजपूर, ता. २८ ऑगस्ट २०२५

चि. लीलाधर,

तू विचारलंस म्हणून लिहिते. नाहीतर हे माझ्याबरोबर गेलं असतं.

हेमराज केळीच्या ट्रॉलीवरून मागे डोक्यावर पडला, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी पूर्ण कधी सांगितलं नाही. तो आपला आपण उठला. चालत घरी आला, चहा प्यायला, घड भरणाऱ्यांची नक्कल करून मला हसवलं. थोडं डोकं दुखतं म्हणाला आणि मग म्हणाला, माय, जरा पडतो. कामिनी माहेरी बोदवडला गेली होती, ती पुढे सहीच्या वेळी थेट जळगावला पोचली. आबा म्हणाले, जळगावला दाखवून आणू. मी म्हटलं, झोपू द्या त्याले, पोरगं उन्हातून दमून आलं. मीच हळदीचं दूध दिलं, पंखा लावला, दार लोटलं. दोन वाजले होते. सहापर्यंत मी तीन वेळा डोकावले. तो घोरत होता. मी म्हटलं, गाढ लागली आहे. ते घोरणं झोपेचं नव्हतं, लीलाधर. सहाला हलवलं तर उठेना.

जळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, पडून किती वेळ झाला? मी सांगितलं, तासभर. आबा बाजूला उभे होते. ते काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. डॉक्टर आपसात म्हणाले की आत रक्त साचत गेलं आहे, लवकर आणायला हवं होतं. मी ऐकलं.

नांग्या वेळेत भरायच्या असतात हे मला तू शिकवायला नको. वेळ कोणी घालवली ते मला ठाऊक आहे. म्हणून म्हणत होते की माझ्या घ्या. माझं काहीतरी कापून त्याच्यात घातलं असतं तर मला त्याच्यासमोर बसता आलं असतं. तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं की माझा काहीच उपयोग नाही. आणि त्याच आठवड्यात ते लोक म्हणाले, आम्ही करतो. मी नको कसं म्हणू? ते पत्र मी डाळीच्या डब्यात ठेवलं आहे. 

आता तूच सांग, अशा बहिणीवर लोभ ठेवायचा की नाही.

सुगंधा


धुळे, ता. १ सप्टेंबर २०२५

ति. अक्का, नमस्कार.

पिशवी भरली होती, पुन्हा रिकामी केली. मी आलो तर मीच बोलत सुटेन आणि हे तुझं तू बोलायचं आहे.

लवकर नेलं असतं तर फरक पडला असता का, हे तू विचारलं नाहीस, पण तेवढंच तुझ्या मनात आहे. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पडला असता. किती, ते कोणी सांगू शकत नाही. पण उठून बसलेला, चहा पिणारा, नकला करणारा मुलगा जरा पडतो म्हणाला, तर मीही त्याला झोपू दिलं असतं, अक्का. जीवशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरानेही. घरोघरी हेच करतात. डोक्याला मार लागला की माणूस ठीक दिसला तरी दवाखान्यात न्यायचं असतं, हे आपल्याला कोणी कधी सांगितलंच नाही. तू त्याला मायेने झोपवलंस. त्या मायेचं असं झालं, म्हणून ती माया खोटी ठरत नाही.

आपण सगळे हेमराजबद्दल ठरवतो आहोत. तू, योगराज, कामिनी, मी, ते केंद्र. त्याला कोणी विचारलं का? त्याचे शब्द अडले आहेत, समज गेलेली नाही. माझी आठ आणि चोवीस तारखेची दोन्ही पत्रं त्याला वाचून दाखव. सावकाश, थांबत थांबत. मग त्याला विचार आणि उत्तर यायला हवा तेवढा वेळ दे. बाकीचं सांगायचं की नाही ते तुझ्यावर सोडतो.

लोभ ठेवायचा की नाही म्हणे! तीन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन फिरलीस, तेव्हा कधी विचारलं होतंस?

तुझाच,
लीलाधर


॥ श्री ॥
फैजपूर, ता. १० सप्टेंबर २०२५

चि. लीलाधर यास अक्काचे अनेक आशीर्वाद. सौ. प्रमिलाला आशीर्वाद.

काल नऊ तारीख होती. आम्ही गेलो नाही. योगराजने शनिवारीच नको म्हणून कळवून टाकलं. चाचणीचा कागद मागितला तेव्हापासून त्या लोकांचा गोड आवाज बदलला होता. पण नुसतं त्यामुळे जाणं राहिलं असं नाही.

शुक्रवारी दुपारी मी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. आबा, योगराज, कामिनी आणि हेमराज. मी सांगितलं की हे पत्र महिनाभर माझ्याकडे होतं आणि मी ते लपवलं. आठ तारखेचं वाचलं, मग चोवीसचं. मला कामिनीसारखं भरभर वाचता येत नाही, ते बरंच झालं. उंदरांपाशी आले तर हेमराज हसला. मग मी त्याला विचारलं, की तुला जायचं आहे का? योगराज मध्ये बोलणार होता, आबांनी हाताने थांबवलं. हेमराजने वेळ घेतला. मग नको म्हणाला. जेवताना म्हणतो तो नको हा नव्हता. तीनदा म्हणाला आणि तिसऱ्यांदा योगराजकडे बघून.

माझं काम तिथे संपलं होतं. पण एकदा उघडलेलं तोंड मिटेना. दोन ते सहाचं सगळं सांगितलं, तासभर म्हणून डॉक्टरांशी खोटं बोलले तेही. आबा खाली मान घालून म्हणाले की मलाही माहीत होतं, मीही जोर केला नाही.  कामिनीने पत्रं माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली, मनातल्या मनात.

हेमराज माझ्याकडे बघत होता. काहीतरी म्हणायचं होतं. कपाळावर घाम आला, ओठ हलले, माघारी गेलं, पुन्हा आलं. कामिनी शब्द सुचवायला पुढे झाली, मी तिला थांबवलं. जे यायचं ते त्याचं स्वतःचं येऊ दे, मग ते काही का असेना. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग त्याने डावा हात उचलून माझ्या डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाला, झोप, माय.

लीलाधर, चौदा महिन्यांत त्याने दोन शब्द जोडून म्हटले नव्हते. भुसावळच्या बाईंना कळवलं तर त्यांना फार आनंद झाला, वहीत लिहून ठेवते म्हणाल्या. कशावरून बोलला ते मी त्यांना सांगितलं नाही.

आणि मी खरंच झोपले रे, तिथेच ओट्यावर, भर दुपारी, येणारेजाणारे बघत असताना. दिवेलागणीला जाग आली तर अंगावर चादर होती. कामिनी अजून माझ्याशी मोजकंच बोलते. तिला राग आला आहे आणि तो यायलाच हवा. कालपासून चहा मात्र हातात आणून देते, खाली ठेवत नाही.

आता माझं एक ऐक. नूतनला माझे आशीर्वाद कळव. तिला म्हणावं, आमची घाई आहे, पण तू घाई करू नकोस. आणि तू डोळे साथ देतात तोवर वाचत राहा. मला अजून आशा आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. लोभ असू दे, तो आमच्या हेमराजवर थोडा जास्त असू दे. आणि ते काम कधी माणसांसाठी खरंच तयार झालं, तर त्याच दिवशी लिही. मी नसले तर कामिनीच्या नावाने लिही. ती सगळं वाचून दाखवेल.

तुझी,
अक्का